मेन स्विच बंद करून बघा

३ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ. नेहमीचे आहेतच, पण या खेपेला निम्मेच पाठवते. उरलेले तुझ्या कंपनीचं डोकं ठिकाणावर आलं की मिळतील.

काल तुमच्या कंपनीची बाई येऊन गेली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, तोंडभर हसू. म्हणे जुनी तांब्याची तार काढून टाकणार, फायबर येणार, भिंतीवर पांढरा राउटर बसणार आणि फोनही त्यातूनच चालणार. मी हातातला कोट बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, की वीज गेली तर फोन लागेल का. तर बाईसाहेब म्हणाल्या की मला दोनशे चॅनल मिळतील. मी पुन्हा विचारलं. तर म्हणे वेग दसपट होईल. अरे, मला कुठे पळायचंय! तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फाइल मिटून म्हणाल्या की हल्ली वीज जाते कुठे.

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे तुझ्या साहेबांना वाचून दाखवता येईल. यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. वीज गेली की सिलिंडर लावायचा. तो जेमतेम तासभर पुरतो. तेवढ्यात डेपोला फोन करून दुसरा मागवायचा. फेब्रुवारीत अख्ख्या गल्लीची वीज गेली तेव्हा आमचा जुना फोन चालू होता, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच येते. डेपोचा माणूस पाऊण तासात हजर झाला. मोबाइलचं म्हणशील तर आमच्याकडे त्याला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, तीही हात बाहेर काढला तर. वीज गेली की तेवढीही नाही.

माझ्याकडून आजवर एक कोट ट्रायलशिवाय बाहेर गेलेला नाही. आधी कच्ची शिलाई, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, त्याला हात वर करायला लावायचे, मगच पक्की टीप. तुमच्या लोकांना मात्र ट्रायल नको, थेट सही हवी. मी सही केलेली नाही आणि करणार नाही, सांगून ठेवते.

हे बरे आहेत. तू जेवतोस की नाही असं रोज विचारतात, जसं काही मला इथून दिसतंय. पत्र लिही. फोनवर सांगू नकोस, तुमच्याकडे बोललेलं सगळं हवेत विरतं, लिहिलेलं माझ्या ट्रंकेत राहतं.

आशीर्वाद तुला, कंपनीला नव्हे,
तुझी ताई


९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. साष्टांगच घालतोय, कारण उभा राहिलो तर मार खाईन.

ताई, तू शिलाई मशीनला मोटर बसवायला तीन वर्षं लावलीस. आता कोणी त्या मोटरला हात लावला तर चावायला धावतेस. या राउटरचंही तसंच होईल, लिहून देतो. अगं, त्यात बॅटरी आहे! वीज गेली तरी चार तास चालते. आमच्या कागदावर स्पष्ट छापलंय. दिवसातून पन्नास वेळा मी तेच वाचून दाखवतो. कंपनी सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवायचं हे माझं काम, आणि माझी स्वतःची बहीण हटून बसली म्हणून साहेब सगळ्यांसमोर हसले. ज्याला घरचं माणूस पटवता येत नाही तो परक्याला काय पटवणार, असं म्हणाले. मला फार लागलं ते.

तुझ्या गल्लीत आता तुझ्या एकटीचाच जुना फोन राहिलाय. आज ना उद्या ती तार जाणारच. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी या महिन्यात चांगली सवलत आहे. भावोजींच्या तब्येतीशी मी खेळेन का? आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात तरी येईल का? तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघतो.

भावोजींना सांग, जेवतो. कँटीनचं असतं, पण जेवतो.

उरलेल्या निम्म्या आशीर्वादांची वाट बघणारा,
बारक्या


१७ जून

चि. बारक्यास,
या वेळी आशीर्वाद पुरे घे, कारण तू शहाण्यासारखा वागलास. मी हो न म्हणताच तू जोडणीवाल्याला ट्रायलसाठी पाठवलंस! मी यांना म्हटलंसुद्धा, पोराला शेवटी आपलं म्हणणं कळलं.

जोडणीवाला भला माणूस निघाला. शिडीवर चढताना त्याच्या शर्टाची बगल उसवली, ती मी तिथल्या तिथे शिवून दिली. मग तो माझं ऐकायला तयार झाला. जुनी तार तशीच ठेवून शेजारी राउटर लावला, बॅटरी भरू दिली. दुपारी बरोबर दोन वाजता मी मेन स्विच खाली ओढला. यांना सिलिंडर लावला होता. हे टाइमकीपर म्हणून तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर बसलेले, तेव्हा घड्याळ यांच्याकडे दिलं. मी कोटाचं अस्तर घेऊन बसले. तुझ्या राउटरवरून डेपोला फोन लावून बघितला, लागला. दहा मिनिटांनी परत लावला, लागला. हिरवा दिवा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला आणि लाल विझला. बावन्न मिनिटं. यांनी पाठकोऱ्या कागदावर वेळ लिहून खाली नापास असा शेरा मारला.

जोडणीवाला आधी कानकोंडा झाला, मग खरं बोलला. चार तास म्हणे फोनला कोणी हातच लावला नाही तर. आणि बॅटरी नवीकोरी असली तर. मी म्हटलं, मग तो फोन आहे की शोभेची वस्तू? राउटर काढून त्याच्याच पिशवीत घातला आणि कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं की माझ्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल ते आभारी आहेत. यांनी त्यावरही नापास लिहिलं.

आता तू तुझ्या साहेबांना सांग, बावन्न मिनिटं. छाती पुढे काढून सांग.

तुझी ताई


२४ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र मिळालं. कामाची फार गर्दी आहे म्हणून चारच ओळी लिहितो. तू आता कंपनीला आणखी पत्रं पाठवू नकोस. मी वरच्या माणसाशी बोलतोय, सगळं नीट होईल. सिलिंडर एकाऐवजी दोन ठेवता आले तर ठेव. उगाच काही मनात आणू नकोस.

भावोजींना नमस्कार. त्यांची तब्येत सविस्तर कळव.

बारक्या


४ जुलै

बारक्या,
आज मायना नाही. मनातून निघतच नाहीये.

मागच्या सोमवारपासून जुना फोन मुका आहे. वाटलं तार कुठे तुटली असेल. गुरुवारी दुपारी वीज गेली. यांना सिलिंडर लावला. दुसरा ठेवायला डेपोने नकार दिला होता, त्यांच्याकडे तुटवडा आहे. खिडकीतून हात बाहेर काढून मोबाइल धरला, काही नाही. अर्धा तास तशी उभी होते. मग यांना एकटं टाकून दोन जिने उतरले, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे धावले. त्याच्याकडेही तुमचंच फायबर, तेही बंद. शेवटी त्याने स्कूटर काढली आणि स्वतः डेपोला गेला. मी परत आले तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता आणि यांचे ओठ निळे पडले होते. माझा हात धरून होते, बोलता येत नव्हतं. सिलिंडर आला तोवर सात मिनिटं गेली. त्या सात मिनिटांचं मी तुला काही सांगणार नाही.

काल तुमच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईने मला संमतीचा कागद दाखवला. अकरा जूनचा. तार काढायला माझी हरकत नाही म्हणे. खाली माझी सही.

कागद हातात घेऊन नीट बघितला. लग्नानंतर एकवीस वर्षांत मी तशी सही एकदाही केलेली नाही. ती माहेरच्या आडनावाची आहे. जगात ती सही एकाच माणसाच्या हाताला येते. गणितात नापास झाल्यावर तो प्रगतिपुस्तकावर माझ्या नावाने ती करायचा आणि मी कळूनही गप्प बसायचे, कारण पोराला आई नव्हती. तुला माझी आजची सही माहीतसुद्धा नाही. जी गिरवलीस ती ठोकून मोकळा झालास.

बाईने विचारलं, सही माझी नाही तर कोणाची. मी तुझं नाव घेतलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की खोटी सही कोणाची हे लिहून आल्याशिवाय तार परत जोडता येत नाही. नाव मी देणार नाही. ते तुझं तू द्यायचं.

मला तुझा भयंकर राग आलाय. साहेब हसले म्हणून तू हे केलंस!

ताई


९ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. घेतलास तर.

सही मीच केली. कागद समोर होता, महिना संपत आला नव्हता तरी माझा आकडा सगळ्यात मागे होता, आणि मला खरोखर वाटलं की एकदा राउटर लागला की तूच खूश होशील. पेन हातात घेतल्यावर हात आपोआप तिकडेच वळला. तुझी सही म्हणजे माझ्यासाठी तीच. ती बदलली असेल हे डोक्यातही आलं नाही.

तुझं बावन्न मिनिटांचं पत्र आलं त्याच दिवशी मी कागद मागे घ्यायला गेलो. ते म्हणाले, कारण लिहून द्या. कारण मीच होतो. मी घाबरलो, ताई. परत येऊन जागेवर बसलो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चार तास वाचून दाखवले. त्यानंतर तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. भावोजींचे ओठ मला दिवसभर डोळ्यांसमोर दिसतात.

काल लिहून दिलं. खोटी सही माझी, बहिणीला काही ठाऊक नव्हतं. नक्कल सोबत जोडली आहे, ट्रंकेत ठेव. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत काम करा, मग बघू. मग मीही बघितलं. ज्या ज्या गिऱ्हाइकाने कंपनी सोडायची म्हटलं, त्याला मी आमच्या कागदावरचं एक अक्षर वाचलं नाही. सांगितलं, मेन स्विच बंद करून बघा आणि घड्याळ लावा. घरात आजारी माणूस असेल तर आजच बघा. आमची सगळी बोलणी रेकॉर्ड होतात, ते मला पक्कं ठाऊक होतं. सतरा जणांना सांगितलं. अठराव्याला सांगत असताना साहेबांनी मागून येऊन कानावरचा हेडफोन काढून घेतला.

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या खुर्चीत मला ताठ बसता आलं. नोकरी बहुतेक गेली. तार जोडली का ते तेवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बारक्या


२० जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ. आणि त्याखालोखाल चार शिव्या, त्या समोर आलास की देईन.

तार जोडली. परवा फोन वाजला, तेव्हा हे पलंगावर उठून बसले. डेपोवाला होता, तपासून बघत होता.

आता नीट वाच. काल तुमचे साहेब स्वतः आले. सोबत वकील. चहाला नाही म्हणाले, पण कागद बाहेर काढला. त्यात असं, की बॅटरीची माझी तक्रार गैरसमजातून झाली, राउटर चार तास चालतो याची मला खात्री पटली. मी सही केली तर माझी जुनी तार कायमची ठेवणार, खास बाब म्हणून. आणि तुला परत कामावर घेणार, तेही लेखी. नाही केली तर तार महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर ते विचार करणार.

मी कागद दोनदा वाचला. तुझी नोकरी त्यात होती, यांचा श्वास होता. खोटं कशाला बोलू, हात पेनाकडे गेला. मग मनात आलं, हा कागद उद्या ते वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवणार. त्यांच्याकडे राउटरच, त्यातून हृदयाचा त्रास, घरात दुसरं माणूस नाही. बघा, खालची शिंपीणसुद्धा कबूल झाली, असं म्हणणार. अख्ख्या शहरात दाखवत फिरतील. मी पेन खाली ठेवलं. साहेब यांच्याकडे वळले, म्हणाले तुम्ही तरी समजवा. यांनी नाकातली नळी बाजूला केली आणि साहेबांना सांगितलं, दम माझा कमी झालाय, बायकोचा नाही. मग खोकला आला, पण मला फार बरं वाटलं.

कागद परत दिला. तुझी नोकरी मी घालवली, बारक्या. तुला न विचारता घालवली. रागवायचं तर खुशाल रागव, मी ऐकून घेईन.

मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. अडचण एवढीच, की तारखेला दिवसदिवस बसवतात म्हणे आणि यांना एकटं टाकून मी परत कधी जिना उतरणार नाही. काहीतरी मार्ग निघेल. तू जेवत जा.

तुझीच,
ताई


२४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

तू सही केली असतीस तर मात्र मी खरंच रागावलो असतो. कंपनीचं पत्र कालच आलं, नोकरी गेली. खोलीही सोडली. सामान फार नाही, एक बॅग आणि गादी.

रविवारी दुपारच्या गाडीने येतोय. सिलिंडर कसा बदलायचा ते तेवढं सोमवारी शिकव. भावोजींजवळ मी बसतो. तू जा आणि पोटभर भांड.

बारक्या