पिवळ्या ठिपक्याचा बिल्ला

येरमाळा, ९ जानेवारी १९७३
ह्यांना छातीवर लावायला बिल्ला मिळालाय! सोसायटीच्या विहिरीत सुरुंग उडाला की धुरात एक विषारी वायू राहतो, त्याला वास नसतो. तो लागला की बिल्ल्यावरचा पिवळा ठिपका काळा पडतो. मोकळ्या हवेत तासा-दोन तासांनी पुन्हा पिवळा. कोळशाच्या खाणीत वाटण्याआधी साहेबांना तो इथं तपासून बघायचाय. आणि दिला कुणाला? आमच्याच वस्तीतल्या चौघांना. तपासणीला बरे आम्हीच सापडलो!

१२ जानेवारी
बाज, खाली निखाऱ्यांची शेगडी, बंद दार. डोकं ठणकतंय. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीला वारा लागू नये. पोरगी मात्र गुणाची, सारखी निजलेली.

१५ जानेवारी
मुकादम आबाराव ह्यांना चारचौघांत बोलला. विहिरीत उतरायच्या आधीच बिल्ला काळा! विडीच्या धुरानंही होतो, असं साहेबांनी सांगितलं. सुरुंगाच्या दारूजवळ विडीवाला नको — पुन्हा दिसलं तर कामावरून काढणार. या दुष्काळात दुसरं काम कुठं मिळणार?

बाबासाहेबांच्या फोटोपुढं विडी सोडली होती ह्यांनी. फार राग आला.

१६ जानेवारी
सकाळी नेहमीसारखे शेगडीशी शेकायला बसले, तेव्हा हळूच शर्टाचा वास घेतला. विडीचा नव्हता. पण पेरूचा पाला चघळला, शर्ट झटकला की झालं. मला कुणी शिकवू नये.

१८ जानेवारी
सरळ विचारलं. म्हणाले, "तुझ्या गळ्याशपथ, म्या विडीला शिवलो न्हाय." बोलताना नजर पोरीकडं. माझ्याकडं का नाही?

आज पुन्हा काळा निघाला. आबारावनं शेवटची ताकीद दिली.

१९ जानेवारी
संध्याकाळी बिल्ला काढून घेतला. पिवळाधमक होता. आता रात्रभर माझ्या उशाशी राहील. सकाळी माझ्या हातानं लावीन आणि सासूबाईंना विहिरीपर्यंत मागं पाठवीन. बघू वाटेत कुठं काळा होतो ते! ह्यांनी लगेच काढून दिला. तेही मला खटकलंच.

२० जानेवारी
उशाशीच काळा पडला.

दार उघडलं, खिडकी उघडली, शेगडी अंगणात उलटी केली. सासूबाई ओरडत होत्या. पोरगी दुधाला तोंड उघडेना. ह्यांनी तिला उचलून बाहेर गारठ्यात नेलं, पाठ चोळत राहिले.

रडली. अजून रडतेय. रडू दे.