अवरे सोलून चार हजार तास

जयनगर, बेंगळूर
संक्रांतीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप रत्नाकरअण्णांना त्रिविक्रमचा साष्टांग नमस्कार.

आपली तब्येत बरी असेल. गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर कळवावं. इथल्या शिवाजीनगरातलं ते दुकान अजून आहे आणि दुकानदार अजून आपली आठवण काढतो (भाव करताना आपण त्याच्या आजोबांपर्यंत पोचला होता). सौ. वहिनींनी पाठवलेला तिळगूळ मिळाला. आमच्याकडून काही आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नये. अहल्येचं वर्ष अजून सरायचं आहे, तोवर या घरातून गोड बाहेर जात नाही, फक्त आत येतं. त्या दृष्टीने यंदाचं वर्ष फार गोड गेलं. शेजारच्या कृष्णाबाईंनी दिवाळीत इतका फराळ पाठवला की माझी साखर वाढली, आणि डॉक्टरांना वाटलं मी दुःख विसरायला खातो आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपला फोन कसा होतो हे आपण जाणता. आपण 'हलो' म्हणता, मी 'हं' म्हणतो, आणि मग दोघेही वहिनींनी फोन घ्यावा म्हणून वाट पाहतो. म्हणून पत्र.

बातमी आनंदाची आहे. या वर्षात तसं म्हणावं की नाही ते मला कळत नाही, पण दुसरा शब्द सापडला नाही. अहल्येचं चॅनेल, 'अहल्याक्कांचा ओटा', कमावतं झालं. तेराव्याला गोडाची पानं वाढलेली असताना आपण, तिचे थोरले भाऊ, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "त्रिविक्रमराव, ते व्हिडिओचं दुकान आता बंद करून टाका. ती उप्पिट्टू ढवळत होती तेव्हासुद्धा कोणी बघत नव्हतं. कोणाला वेळ आहे?" मी तेव्हा काही बोललो नाही. (मी एरवीही बोलत नाही, त्यामुळे मी रागावलो आहे हे लोकांच्या लक्षातच येत नाही. ही मोठी गैरसोय आहे.) आज बोलतो.

आपण बँकेत मॅनेजर होता, म्हणून आधी व्यवहार नीट मांडतो. व्हिडिओ टाकला की पैसे मिळतात असा आपला समज आहे, माझाही होता. तसं नाही. बघणारा पैसे देत नाही, त्याच्यापुढे जाहिरात करणारा देतो. तो कंपनीला देतो, कंपनी आपला वाटा काढून घेते आणि उरलेलं व्हिडिओवाल्याला देते. पण त्याआधी व्हिडिओवाल्याने आपली पत दाखवायची असते. हजार माणसं सभासद हवीत, आणि सगळ्यांनी मिळून मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास त्याच्याकडे बघितलेलं हवं. तोवर जाहिराती लागू शकतात, पण त्यांचे पैसे सगळे कंपनीकडे. मी म्हणालो, हा अन्याय आहे. तर सिद्धी म्हणाली, "काका, ही इंटर्नशिप आहे." (सिद्धी म्हणजे वरच्या मजल्यावरची आमची भाडेकरू. पुण्याची, कोरमंगलात एका स्टार्टअपमध्ये कामाला आहे. काम काय, ते तिने मला दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर नाही.) हजार माणसं अहल्येने भजनी मंडळ, ज्ञातीचा मेळावा आणि माझ्या ऑफिसातले पेन्शनर यांच्या जोरावर कधीच जमवली होती. राहिले होते ते तास. ती गेली तेव्हा तीन हजारांच्या वर झाले होते.

आता गंमत अशी की 'मागच्या बारा महिन्यांत' हे शब्द मी नीट वाचलेच नव्हते. गणपतीचे दिवस होते. आमच्याकडे यंदा गणपती नाही, म्हणून हात रिकामे होते, तेव्हा सहज तिचा फोन उघडला. (चॅनेल तिने माझ्याच ईमेलवरून काढलं होतं. तिचं म्हणणं, तुमच्या ईमेलला पेन्शनवाल्यांशिवाय कोणी लिहीत नाही, तेवढीच सोबत.) पाहतो तर तास निम्म्यावर आलेले. मला वाटलं चोरी झाली. सिद्धीला हाक मारली. ती म्हणाली, "चोरी नाही हो काका, जुने तास एक्स्पायर होतात. रोज मागचा एक दिवस गळतो."

"म्हणजे वर्ष झालं की संपलं?"

"संपलं."

नियम समजायला मला वेळ लागला नाही. आपल्याकडेही वर्षच धरतात. शाळेत ते गणित असायचं, एका नळाने टाकी भरते आणि दुसऱ्याने रिकामी होते. तेव्हा मी मास्तरांना विचारलं होतं की तो दुसरा नळ बंद का करत नाहीत, आणि मार खाल्ला होता. इथे तो बंद होत नाही आणि वरून येणारी धार करंगळीएवढी. माघात तिचं वर्षश्राद्ध, आणि त्या दिवशी ती असताना लोकांनी बघितलेला शेवटचा तासही गळून जाणार. त्याआधी, तिचे थोडे तरी तास टाकीत असताना, चार हजार व्हावेत एवढंच माझ्या मनात आलं. नुसत्या माझ्या तासांवर झाले असते तर ते तिचं झालं नसतं.

तर नवे व्हिडिओ हवेत. सिद्धीने ताबडतोब सांगितलं की दिवाळी हाच मोसम, जाहिरातवाले तेव्हाच हात मोकळा सोडतात, लोक फराळाचे व्हिडिओ रात्रंदिवस बघतात, आपण चकलीने सुरुवात करू. मी म्हटलं, या घरात यंदा चकली नाही.

"अहो, फक्त व्हिडिओपुरती!"

"व्हिडिओपुरतीच तर अजिबात नाही."

"करंजी?"

"नाही."

"शंकरपाळे? शंकरपाळ्यांना कोण सण म्हणतं?"

"कृष्णाबाई म्हणतात."

ती ओट्याला टेकून बसली आणि म्हणाली, "मग काका, तुमच्याकडे चालतं तरी काय?" मी म्हटलं, अवरे सोलायला हरकत नसावी. आपण राहता तिकडे धारवाडात पावट्याचं एवढं वेड नाही, पण इथे थंडी पडली की गाड्यांवर दुसरं काही दिसत नाही. शेंगा सोलायच्या, दाणे रात्रभर भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल बोटांत राहते आणि आतला हिरवा दाणा टपकन ताटात पडतो. लग्नापासून ते काम माझंच होतं. अहल्येच्या मते मला जमणारं ते एकमेव काम, कारण त्यात बोलावं लागत नाही.

थंडी पडून गाड्यांवर पहिल्या शेंगा आल्या, तसा सिद्धीने फोन अहल्येच्या स्टँडवर (तांदळाचा डबा आणि दोन रबरबँड) लावून दिला आणि 'लाइव्ह' नावाचं बटण दाखवून ऑफिसला गेली. मी बटण दाबलं. माझी समजूत अशी झाली की फोन आधी तयार होतो आणि मग आपल्याला सुरू करा म्हणतो. जसं फोटोवाला म्हणतो. त्याने काही म्हटलं नाही. म्हणून मी वाट पाहत बसलो, आणि नुसतं बसण्यापेक्षा दाणे दाबत बसलो. कढई भरली तरी तो काही म्हणेना. दुपार गेली, दुसरी कढई भरली. मधे कृष्णाबाईंच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भंगारवाला ओरडून गेला, मला एकदा डुलकी लागली. मग जिन्यावरून सिद्धी धावत आली. तिला तोंड उघडताना पाहून मी म्हटलं, "स्वल्प थांब, अजून सुरू व्हायचंय."

अण्णा, ते पहिल्या क्षणापासून सुरू होतं.

ती म्हणाली, "काका, तुमचा वॉच-टाइम फुटलाय!" मी टेबलाखाली पाहिलं, पाणी कुठे सांडलं म्हणून. मग कळलं की फुटणं चांगलं असतं. सिद्धीने ऑफिसातल्या मैत्रिणींना गंमत म्हणून दाखवलं होतं, त्यांनी आपापल्या पीजीतल्या मुलींना पाठवलं, आणि कोरमंगलातल्या निम्म्या मुली मला समोर लावून काम करत होत्या. त्यांना म्हणे एकटं वाटत नाही, आणि कोणी उपदेशही करत नाही. एकीने खाली लिहिलं होतं, 'माझे बाबा असेच बसतात.' दुसरीने लिहिलं, 'काकांचं बोलणं फार आवडलं.' त्या दिवसापासून मी 'स्वल्पकाका'. आपण अहल्येला दरवेळी रागवायचा की मराठी बोलतेस तर 'थोडं' म्हण, 'स्वल्प' काय? ती प्रत्येक व्हिडिओत मीठ स्वल्प, गूळ स्वल्प, हिंग स्वल्प असंच म्हणत गेली. आता नव्या लोकांनी मागे जाऊन तिचे व्हिडिओ पाहिले, तर पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, 'सगळं मिळालं, फक्त स्वल्प कुठल्याच दुकानात नाही. ऑनलाइन मिळेल का?' मी उत्तर लिहिलं, 'घरातच असतं.' त्या उत्तरावर लोकांनी इतके अंगठे वर केले की सिद्धीने त्याचा फोटो काढून ठेवला आहे.

मग रोज दुपारी मी आणि अवरे. शेंगा कमी पडू लागल्या. गाडीवाला मला बघितल्यावर भाव वाढवू लागला. सोललेलं कृष्णाबाईंकडे जाई (त्यांच्याकडे आता अवऱ्याचा वास आला तरी मुलं उठून जातात). एकदा एक गृहस्थ दाणे सोलायचं मशीन घेऊन आले. म्हणाले, तुम्ही फक्त हे लावून बसा, आम्ही महिन्याला देऊ. याला स्पॉन्सर म्हणतात, जाहिरातींपेक्षा यातच जास्त सुटतं असं सिद्धीचं मत. मशीन सुरू केलं, तर मिक्सरमध्ये खिळे टाकल्यासारखा आवाज. मी म्हटलं, सर, इथे मुली अभ्यास करतात. ते म्हणाले, "अहो पण तासाचं काम पाच मिनिटांत होईल!" आता आपणच सांगा, ज्याला तास हवेत त्याला हे सांगून काय उपयोग? चहा देऊन पाठवलं.

टाकी भरत होती, खालून गळत होती. दत्तजयंतीला पुढे, नाताळात मागे (मुली घरी गेल्या). संक्रांतीच्या आधी चार हजारांचा काटा ओलांडला आणि अर्ज केला. मग कंपनीची माणसं सगळं तपासतात. सिद्धीला भीती की ते म्हणतील, सगळे व्हिडिओ एकसारखे. मी म्हटलं, दाणे वेगळे आहेत.

गेल्या शुक्रवारी, मी लाइव्ह असताना, पेन्शनवाल्या ईमेलवर उत्तर आलं. मंजूर. तिचे शेवटचे काही आठवड्यांचे तास अजून टाकीत होते. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "स्वल्प थांबा," आणि उठून आतल्या खोलीत गेलो. परत यायला बराच वेळ लागला. आल्यावर सांगितलं की नळाला कावेरीचं पाणी आलं होतं, वाल्व सोडायला गेलो होतो. सिद्धी म्हणते, तेवढा वेळ रिकामी खुर्ची दिसत होती आणि एकही माणूस उठून गेलं नाही. रिकाम्या खुर्चीचेही तास धरतात, अण्णा. आता सांगा, कोणाला वेळ आहे? शेकडो लोकांना आहे!

एवढं बोललो याबद्दल क्षमा असावी. वर्षभराचं साठलं होतं. सौ. वहिनींना नमस्कार.

आपला,
त्रिविक्रम

ता. क. : वर्षश्राद्ध माघ शुद्ध नवमीला आहे. दोघांनी आदल्या दिवशीच यावं. त्यानंतर कढई चढेल. सिद्धीने चकलीचा दिवस आताच ठरवून टाकला आहे.

ता. क. २ : 'कमावतं झालं' हे खरं, पण पहिल्या काही दिवसांची कमाई अवऱ्यांच्या खर्चाहून कमी आहे. शिवाय ठरावीक रक्कम साठेपर्यंत कंपनी हातात काही देत नाही. शिवाय मुलींचं लक्ष मोडतं म्हणून मधल्या जाहिराती मी बंद केल्या, फक्त सुरुवातीची ठेवली. सिद्धी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ते लगेच कळलंही नाही.

ता. क. ३ : खरं तर एका विनंतीसाठी पत्र लिहायला घेतलं होतं. कोणत्या गावातून किती बघितलं गेलं, हे फोनमध्ये दिसतं. बेंगळूर, पुणे, आणि मग धारवाड. सिद्धी म्हणते, तिथला फोन एकच असावा. गेल्या उन्हाळ्यापासून रोज सकाळी अहल्येचा उप्पिट्टूचा व्हिडिओ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वरून येणारी ती करंगळीएवढी धार तीच. चार हजारांचा काटा आम्ही इतका जेमतेम ओलांडला की धारवाडचे तास वजा केले असते तर ओलांडायचा राहिला असता. सिद्धीला वाटतं तिथे अक्कांचा कोणी चाहता आहे. मी काही बोललो नाही.

विनंती एवढीच. त्या व्हिडिओच्या आधी आता जाहिरात लागेल. तिच्यावर मुद्दाम बोट दाबा असं मी सांगत नाही, ते नियमात बसत नाही. पण काही सेकंदांनी कोपऱ्यात 'स्किप' येतं, तेही दाबू नये. नुसतं बसून राहावं. आपल्याकडे तेवढा वेळ आहे, हे आता मला माहीत आहे.