तीन मिनिटं आणि बावीस जोड बूट

२ फेब्रुवारी

चि. सेकंदकाटा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र साडेतीन ओळींचं होतं. आत्याला तेवढं पुरतं, असं तुला वाटतं का? असो. या वेळी काम माझंच आहे.

शाळेत अठरा तारखेपासून सुरक्षा सप्ताह आहे. सोमवारी हात धुणं, मंगळवारी रस्ता ओलांडणं, बुधवारी दातांचे डॉक्टर, गुरुवारी प्रथमोपचार आणि शुक्रवारी आगीचा सराव. अग्निशमन दलाचे साहेब घड्याळ घेऊन उभे राहणार. भोंगा वाजल्यापासून तीन मिनिटांत शाळा रिकामी व्हायला हवी. काल रंगीत तालीम झाली. बाकी सगळे वर्ग वेळेत खाली, आणि माझी बालवर्गाची बावीस पिल्लं सात मिनिटं दहा सेकंदांनी! साहेब म्हणाले, शुक्रवारीही असंच झालं तर वरच्या मजल्यावरचा बालवर्ग बंद. मुलं दुसऱ्या शाळेत जातील आणि मला कचेरीत बसवतील. तिथे मी काय करू, कपाटांना गाणी शिकवू?

एवढ्या इमारतींत आगीचे भोंगे बसवतेस, सराव घेतेस, तर आत्याचा एक वर्ग खाली उतरवून दे.

चार ओळींच्या उत्तराची आशा धरून बसलेली,
तुझी आत्या

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जिना किती पायऱ्यांचा, ते लिहिलं नाहीस. माझ्या आठवणीत बावीस आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलांना ओळीने उतरायला दोन मिनिटं पुष्कळ झाली. मग उरलेली पाच मिनिटं जातात कुठे? घाई करू नकोस, मुलांवर ओरडू नकोस. फक्त मोज. भोंगा ते वर्गाचं दार, दार ते जिना, जिना ते अंगण, असे तीन आकडे हवेत. अंदाज नको.

मी एका हॉस्पिटलच्या कामात आहे. सरावाच्या शुक्रवारी येईन. (ही चौथी नाही, बारावी ओळ असेल.)

लोभ आहे तसाच असावा. फरक पडल्यास कळवावे.
तुझी भाची

८ फेब्रुवारी

चि. सेकंदकाटा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अंडी उकडायचं घड्याळ गळ्यात अडकवून मोजलं. मुलं म्हणाली, बाई आज डॉक्टर झाल्या. भोंगा ते दार पंधरा सेकंद. जिना ते अंगण एक मिनिट चाळीस. पायऱ्या बावीसच आहेत, तुझी आठवण पक्की. दार ते जिना सव्वापाच मिनिटं. पण तिथे काहीच वेळ वाया जात नाही गं! मुलं शहाण्यासारखी मांडणीपाशी रांग लावतात, आपापले बूट घालतात, बक्कल लावतात, मग निघतात. एकानेही डावा बूट उजव्या पायात घातला नाही. साहेबांनी ते मात्र कुठे लिहून घेतलं नाही.

मला वाटतं, भोंग्याचाच आवाज बारीक आहे.

तुझ्या हुशारीवर विसंबलेली,
आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

भोंगा ठीक आहे. बूट घालायचे नाहीत. भोंगा वाजला की मुलं अनवाणी निघतील. मांडणीही दारापासून हलव, वाट अडते.

हे वाचून तू रागावशील, म्हणून थोडक्यात लिहिलं. लोभ कमी झाला असल्यास तेही कळवावे.

तुझी भाची

१५ फेब्रुवारी

चि. सेकंदकाटा हिस,
आशीर्वाद. (या वेळी अनेक नाहीत.)

एकोणतीस वर्षं मी या गावच्या पोरांना बक्कल लावायला शिकवते आहे. तुझे आईबाबा बदलीवर असताना तू माझ्याकडे राहिलीस, तेव्हा तुलाही मीच शिकवलं. एक बक्कल जमेना म्हणून तू जेवायची नाहीस. आणि आता मला सांगतेस, अनवाणी!

दोन दिवस धुसफुसले. मग मुलांना सांगून पाहिलं. भोंगा वाजवला, तर सगळी दारात उभी. एकही पाऊल पुढे टाकेना. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी म्हणाली, बाई, तुम्ही रागवाल. शिकवलं मीच, तर विसरायलाही मीच लावायला हवं. माझे सँडल काढले आणि अनवाणी अंगणात उतरले. मागून बावीसजण किंचाळत आले! आता रोज भोंग्याची वाट बघतात मेली. कालची वेळ तीन मिनिटं चार सेकंद. चार सेकंद तेवढे तू काढ.

नाइलाजाने तुझीच,
आत्या

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी तू वर होतीस, म्हणून खाली काय झालं ते कळवते. मांडणी हलवल्याने चारपेक्षा जास्त सेकंद वाचले. दोन मिनिटं पाच सेकंदांनी मदतनीस मावशींच्या मागे बावीस मुलं अंगणात होती, सगळी अनवाणी. तुझ्या दोन दात पडलेल्या विद्यार्थिनीने माझ्या पायांकडे बघून भोंगा वाजलाय, बूट काढा, असं बजावलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून काढले. मग मुलांनी हात धरून आपली मोजणी केली आणि जाहीर केलं, की आम्ही बावीस आहोत, बाई नाहीत.

दोन पाच ते दोन बावन्न यांमधल्या नोंदी माझ्याकडे नाहीत. घड्याळ चालू होतं, मी बघत नव्हते. तू जिन्यावर दिसलीस तेव्हा मी अनवाणी चौथ्या पायरीवर होते. भोंगा वाजल्यावर आत जाणाऱ्यांना मी स्वतः अडवते, ते माझं काम आहे. तरी कारण विचारू नकोस.

स्वच्छतागृह रिकामं आहे का ते पाहत होते, असं तू साहेबांना सांगितलंस. त्यांनी मान्य केलं, वर्ग वाचला. पण तुझ्या पायात सँडल होते. दोन्ही बक्कलं नीट लावलेली. मुलांनी पाहिलं आणि बाईंनी बूट घातले म्हणून जो गिल्ला केला, तो तू साहेबांशी बोलण्याच्या नादात ऐकलाच नाहीस. सरावाच्या माझ्या अहवालात मी ते लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी अनवाणी ये. आधी ये.

लोभ वाढला तर कळवायची गरज नाही. इथे पोचतो.

तुझी,
सेकंदकाटा