गाठ सुटली नव्हती

मी, दामोदर विष्णू चौलकर, वय बहात्तर, निवृत्त तपासणी अधिकारी, राहणार जयनगर चौथा ब्लॉक, बेंगळूरु, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. श्वेता कामत यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल असा दाखला द्यायला त्यांनी नकार दिला. मी कोणाच्याही दडपणाखाली नाही. ज्या एका माणसाच्या दडपणाखाली मी सत्तेचाळीस वर्षे काढली, ते श्री. प्रतापराव शितोळे, राहणार चामराजपेट, गेल्या दोन नोव्हेंबरला वारले. पुढे मी त्याला प्रताप म्हणणार आहे. कायद्याची हरकत नसावी.

येत्या दहा फेब्रुवारीला मी अंदमानला निघतो आहे. तिथून उत्तर टोकाला, दिगलीपूरच्या पुढच्या खाडीत. डॉक्टरांनी होडीत बसायला मनाई केली आहे, म्हणून हे आधी लिहिले. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते प्रतापने सांगितले तसे लिहिले होते.

१. राहते घर, पहिला मजला, माझ्या नावावर आहे. ते माझी मुलगी सौ. यशश्री हिला मिळावे. तिची आई कै. प्रतिमा हिने लावलेला कढीपत्ता खालच्या नंजुंडय्या अण्णांच्या वाट्यात झुकला आहे. त्यांना पाने तोडू द्यावीत. ते वीस वर्षे "स्वल्प घेतो हं" म्हणून अर्धी फांदी नेतात, तेवढी नेऊ द्यावी.

२. बँकेतील ठेवीही यशश्रीला. मात्र त्यातून आधी कलम ७ मधील खर्च व्हावा, मग उरलेले.

३. जावई श्री. अमित यांना माझ्या काठ्या, रिळे व गऱ्या यांपैकी काहीही मिळू नये. यात राग नाही. त्यांच्याजवळ गरवायला जाण्याचे चार शर्ट आहेत, बोटे उघडी ठेवणारे हातमोजे आहेत आणि पाण्याखालचा मासा मोबाइलवर दाखवणारे यंत्र आहे. ते यंत्र त्यांनी सर्जापूर रोडवरील आपल्या सोसायटीच्या कारंज्यात सोडून पाहिले. मासा नव्हता, हे यंत्राने बरोबर दाखवले. त्यांना माझी इस्त्री द्यावी.

४. आता मुख्य बाब.

प्रताप आणि मी एकाच सरकारी कारखान्यात होतो. बिघडलेला सुटा भाग त्याच्या टेबलावर जाई. तो का बिघडला हे प्रताप लिही, मी तपासून खाली सही करी. एका सहीचा अहवाल म्हणजे कोरा कागद, असा कारखान्याचा नियम होता. प्रताप चामराजपेटच्या जुन्या मराठा घरातला, बोलताना निम्मे कानडी. मी चौलचा, खाडीतला जिताडा मासा खाऊन वाढलेला आणि न बोलणारा. १९९९ पासून दर फेब्रुवारीत आम्ही दोघे उत्तर अंदमानात गरवायला जात असू. सहलीचाही अहवाल होई: तारीख, भरती-ओहोटी, किती मासे, किती सोडले, काय बिघडले. खाली दोन सह्या. बायका हसत. आम्ही हसत नसू.

आमचा नावाडी निताई मंडल. त्याची डोंगी, म्हणजे इंजिन बसवलेली लाकडी होडी, स्वतःची होती. पाण्याचा रंग बघून तो सांगे की पुढच्या वळणावर मगर आहे. एकदा त्याने इंजिन बंद करून आम्हाला अर्धा तास गप्प बसवले, कारण समोर एक समुद्रगाय पिल्लाला घेऊन गवत खात होती. सत्तेचाळीस वर्षांत प्रताप सलग अर्धा तास गप्प बसला, तो एवढाच. गरी बांधण्याचे काम निताईचे. त्याच्या हातची गाठ मी तेरा वर्षे तपासली आणि एकदाही नापास केली नाही. मी स्वतःच्या जावयालाही पास केलेले नाही, हे लक्षात घ्यावे.

चौदा फेब्रुवारी २०१२. खाडीच्या आत, तिवरांच्या मुळांशी, प्रतापला जिताडा लागला. मोठा होता. वीस मिनिटांनी तो कडेशी आला, तेव्हा त्याच्यामागे पाण्यात दोन डोळे होते. निताई ओरडला, "साब, छोड़ दो! मगर!" प्रतापने काठी माझ्या अंगावर टाकली, तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, डाव्या मुठीला गुंडाळला आणि उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.

मी म्हणालो, "प्रताप, सोड."

"सोड म्हणजे? येनो दामू, जाळी धर! इतक्या वर्षांत असा बघितलायस का?"

"हात बाहेर घे."

"गप्प बस रे! सरी, आला, आला..."

मी निताईची सुरी उचलली आणि त्याच्या मुठीपुढे तंगूस कापला. प्रताप मागे कोसळून बर्फाच्या खोक्यावर बसला. त्याचा हात जिथे होता तिथले पाणी फुटले, मासा गेला, आणि आम्ही तिघेही भिजलो. सुरी माझ्या मांडीखाली होती. प्रताप उठला तो निताईकडे वळून.

"गाठ सुटली! तुम्हारा गाठ सुटा!"

निताईने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याकडे पाहिले.

संध्याकाळी धक्क्यावर प्रतापने अहवाल लिहिला. कारण: गाठ सैल, नावाड्याचा निष्काळजीपणा. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "सही कर, दामू." निताई चार हातांवर होडी धूत होता. खरे सांगितले असते तर प्रताप परत माझ्याबरोबर कुठेही आला नसता. त्याचा मासा मी सोडला, हे त्याने सहन केले नसते. मी सही केली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी सही केली नव्हती. ही सुट्टीत केली.

परत आल्यावर तो अहवाल प्रतापने गरवणाऱ्या साठ लोकांना ई-मेलने पाठवला. एक प्रत चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली. बेंगळूरुहून दर हंगामात निताईकडे जाणारी माणसे त्या वर्षी गेली नाहीत, पुढेही गेली नाहीत. आम्हीही दुसरा नावाडी धरला. तो मगर दिसल्यावर आम्हाला सांगे. दोन वर्षांत निताईने डोंगी विकली.

मासा मात्र वाढत गेला. धक्क्यावर तो चौदा किलोचा होता. प्रताप निवृत्त झाला तेव्हा एकोणीस. शोकसभेत गरवणाऱ्यांच्या मंडळाचे सचिव श्री. फत्तेसिंग यांनी तो अठ्ठावीस केला आणि पुढे म्हणाले, "आणि त्या नावाड्याच्या एका गाठीने घात केला हो!" लोक हसले. प्रतापच्या फोटोपुढेही ती गोष्ट चालली. मी पहिल्या रांगेत होतो.

५. चौदाव्या दिवशी प्रतापच्या पत्नी अलकावहिनी यांनी त्याची गरवण्याची पेटी माझ्याकडे पाठवली. तळाशी कारखान्यात वापरतो तशी नमुन्याची पारदर्शक पिशवी होती, तोंड बंद केलेली. आत हातभर तंगूस. पिशवीला चिठ्ठी, प्रतापच्या अक्षरात:

"नमुना: तंगूस. टोक सरळ, धारेने कापलेले. कारण: सुरी. गाठ निर्दोष. दि. १५-२-२०१२."

खाली त्याची सही. शेजारी दुसऱ्या सहीची जागा रिकामी.

म्हणजे दुसऱ्याच दिवशी त्याने टोक पाहिले होते. ई-मेल गेला वीस तारखेला. सुटलेल्या गाठीचे टोक मुरडलेले राहते, कापलेले सरळ, हे मीही त्याला तपासून दाखवू शकलो असतो. त्याने सांगितले असते तर त्याला माझे आभार मानावे लागले असते, आणि ते त्याला सत्तेचाळीस वर्षांत कधी जमले नाही. मी सांगितले असते तर मला भांडावे लागले असते, आणि ते मला जमत नाही. तेव्हा आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, एका नावाड्याचे नाव घालवून आपली दोस्ती सांभाळली. चांगली सांभाळली. पुढे सात वेळा अंदमानला गेलो.

फेब्रुवारी जवळ आला की मी अजून पेटी उघडून गऱ्यांचा गंज काढतो. कोणासाठी, हे मला विचारू नये.

६. मी दिगलीपूरला फोन करून निताईचा नंबर मिळवला. तो हल्ली दुसऱ्याच्या बोटीवर माल चढवतो. मी नाव सांगितले.

"चाकूवाला साब?"

मी हो म्हणालो. प्रताप गेल्याचे सांगितले.

"उन साब का हाथ ठीक था ना? आखिर तक?"

"हां. दोनों हाथ ठीक थे."

"तो फिर अच्छा काटा था आपने," तो म्हणाला. मग त्याने विचारले, समुद्रगायी बघायला येणार का. त्या अजून तिथेच येतात.

मी माफी मागायला फोन केला होता. ती राहून गेली. म्हणून जातो आहे.

७. निताई मंडल यांना एक नवी डोंगी, इंजिनासह. ती कशी असावी हे ते ठरवतील, अमित नव्हे. ती मी स्वतः घेऊन देऊ शकलो तर हे कलम आपोआप संपले. नाही दिली गेली तर यशश्रीने स्वतः जाऊन द्यावी. माझ्या सर्व काठ्या, रिळे, गऱ्या त्यांनाच. सुरी त्यांचीच आहे. ती मी चौदा वर्षे परत केलेली नाही.

८. नमुन्याच्या चिठ्ठीचा फोटो त्याच साठ लोकांना पाठवावा. त्यातले बरेचसे आता फत्तेसिंग यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आहेत. सोबत हात जोडल्याचे चित्र पाठवू नये. श्री. फत्तेसिंग यांना माझा वजनकाटा द्यावा. तो दहा किलोपर्यंतच दाखवतो, त्यांना उपयोगी पडेल.

९. अलकावहिनींना काही ठेवलेले नाही, कारण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला त्याच हव्यात. नंजुंडय्या अण्णांची कढीपत्त्याची पाने यात मोजत नाहीत, असेही वकील म्हणाले. मी त्यांना पिशवी दाखवली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, ती चौकट मी आजच उतरवते. भिंतीला डाग पडलाय, तो राहू दे." चौकटीतला खोटा अहवाल त्यांनी माझ्याकडे दिला आहे. तो या कागदासोबत फाडून जोडला आहे. नष्ट करू नये. आम्ही काय केले ते दिसले पाहिजे.

१०. माझ्या अस्थी त्या खाडीत सोडू नयेत. मगरींनी माझे काही वाईट केलेले नाही.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी यशश्रीने करावी.

नमुन्याच्या चिठ्ठीवर मी आज, अलकावहिनींच्या समोर, रिकाम्या जागेत सही केली. अहवाल आता पूर्ण आहे. मूळ चिठ्ठी मी बरोबर नेत आहे. ती निताईच्या हातात द्यायची आहे.

तपासले. बरोबर आहे.

(सही) दामोदर विष्णू चौलकर

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली. लिहून देणारे शांत होते, आणि त्यांनी चहा घेतला.

साक्षीदार १: (सही) अलका प्रतापराव शितोळे, चामराजपेट
साक्षीदार २: (सही) एन. नंजुंडय्या, जयनगर

स्थळ: बेंगळूरु
दिनांक: १८ जानेवारी २०२६