मधल्या रेघेची जाडी

यान्बू (सौदी अरेबिया), १२ एप्रिल २००६

तीर्थस्वरूप दादास,

शालिनीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच. पंधरा दिवस कॉम्प्युटरपुढे बसून पाठ सरळच होत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? सुधावहिनीला म्हणावं, भाजणी पोचली आणि दोन दिवसांत संपलीही. आम्ही इकडे मजेत. उकाडा सुरू झालाय, पण त्याचं मला आज काही नाही, कारण दादा, रेघ जाड झाली!

अथपासून सांगते. तुझ्या छापखान्यातून कीर्तीनं माझ्या पुस्तकाचं प्रूफ आणलं. ती जेद्दाला नर्स आहे, सुट्टीवरून परत आली, तेव्हा गुरुवारची, इथल्या सुट्टीच्या दिवसाची झोप सोडून हे मला साडेतीन तास गाडी हाकत तिच्याकडे घेऊन गेले. (बायकांना इथे गाडी चालवता येत नाही, नाहीतर मी बुधवारीच निघाले असते.) येताना गाडीतच प्रूफ उघडलं आणि किंकाळी फोडली. माझ्या इकाम्यावर (म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर) 'काम करण्यास परवानगी नाही' असा शिक्का आहे. आठ वर्षांत माझ्या हातून झालेलं हे एकच काम, बारावीच्या गणिताची सहाशे सोडवलेली उदाहरणं, आणि त्यातल्या अपूर्णांकांच्या रेघा तुझ्या छपाईत उडालेल्या! तीन वर, चार खाली, मधे हवा. माझा आवाज ऐकून वाटेतल्या तपासणी चौकीवरचा पोलीस धावत आला. ह्यांनी गुपचूप प्रूफ पुढे केलं. त्यानं एक पान पाहिलं, 'रियाजियात!' (म्हणजे गणित) असं घाबरून म्हणाला आणि इकामाही न बघता 'यल्ला, यल्ला' करून आम्हाला हाकललं. गणिताची धास्ती सगळीकडे सारखीच.

बरं, उडाल्या तर उडाल्या. पण माझा फोन आल्यावर तुझ्या धोंडीरामकाकांना (तीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस, त्यांना कसं राहवणार?) माझी दया आली आणि त्यांनी स्टीलची पट्टी घेऊन तुझ्याकडच्या प्रतीच्या एकशे चौसष्ट पानांवर हातानं रेघा मारल्या, असं तूच सांगितलंस. जिथे वर-खाली आकडे दिसले तिथे रेघ! आता दहा जणांतून तीन निवडायचे असतील, तर मी हौसेनं कॉलेजातल्या पद्धतीनं कंसात वर दहा, खाली तीन असं लिहिलं होतं. तिथे रेघ नसते रे. निवड एकशे वीस प्रकारांनी होते. काकांच्या रेघेनंतर साडेतीनही उरत नाहीत.

मग मी हट्टाला पेटले. हे म्हणाले, 'अगं, एक रेघ तर आहे.' मी इंटरनेटवर धुंडाळत बसले आणि सोमवारी सापडलं! सूत्र जुळवणाऱ्या या प्रोग्रॅमात एक आज्ञा आहे, तिला सहा कंस असतात, त्यातल्या तिसऱ्यात रेघेची जाडी लिहायची. मुळात ती असते पॉइंट चार. मी केली पॉइंट आठ. आणि निवडीच्या गणितांत त्याच कंसात लिहायचं शून्य. म्हणजे रेघ असते, पण तिला जाडीच नसते! मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारची हैदराबादची शरीफा पिठाच्या हातांनी पळत आली. तिला पडद्यावर दाखवलं. 'माशाल्ला बाजी (म्हणजे ताई), अब दिखती है,' म्हणाली आणि संध्याकाळी खीर घेऊन आली. घरच्या माणसापेक्षा हिला जास्त कळलं.

वर्गमुळाचं छप्पर मात्र बारीकच राहिलं. ते म्हणे चिन्हाच्या आकारातूनच येतं, माझ्या कंसाला दाद देत नाही. वर्गमुळं पंधराच आहेत, ती धोंडीरामकाकांनी खुशाल पट्टीनं काढावीत. त्यांचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे, आणि त्यांना माझा राग आलेला मला चालणार नाही. नवीन फाइल ई-मेलनं पाठवली आहे, पत्र प्रुफाबरोबर येईल. वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
शालिनी

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. मुखपृष्ठ पाहिलंस का? वर ह्यांचं नाव, मधे आडवी रेघ, खाली सौ. शालिनी. इंजिनिअरच पुस्तक लिहिणार असं तुम्ही सगळे धरूनच चाललात! अंशाच्या जागी हे आणि माझ्याच पुस्तकात छेदाच्या जागी मी. आणि पठ्ठ्यांनो, ही एकच रेघ तुमच्या छपाईत उडाली नाही! वरचं नाव काढ. दादा, हसू नकोस, मला खरंच लागलंय.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी ह्यांनी वाचलं. नाव काढायला हरकत नाही म्हणतात, पण प्लांटमधल्या दोघांना 'माझं पुस्तक येतंय' असं सांगून बसलेत, तेव्हा दोन प्रती तशाच हव्यात. छाप बाबा. साडेतीन तास जाऊन साडेतीन तास येणं, गाडी त्यांनीच हाकली. फक्त त्या दोन प्रतींत मधल्या रेघेची जाडी शून्य कर.