लेकरू कडेवर असेल तर निम्मं

ता. ४, सोमवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खिडकीमुळे. काल दुपारी यांच्या खेळातल्या बाईने खिडकीतून चादर खाली सोडली. आता हे आपली खिडकी बंद करतील, करतीलच — तेच डोक्यात. बाळी दूध पिऊन गपगार झोपली. मी आपली छताकडे बघत.

आणि केलीच. चहाच्या आधी. लोखंडाची जाळी, चार कोपऱ्यांत स्क्रू. म्हणाले, डास येतात.

डासांना लोखंड लागतं?

ता. ५, मंगळवार

हे लिहितेय ते यांच्याच पानांच्या पाठीवर. खाडाखोड झालेली पानं मला फळीवर अंथरायला देतात. पेन्सिलीचा तुकडाही यांचाच. सातवीपर्यंत शिकले, लिहिण्यापुरतं येतं. वाचायला वेळ लागतो, पण वेळच वेळ आहे. हे कामाला गेले की बाहेरून कुलूप.

तीन महिने झाले. हात उगारला म्हणून मी बाळीला घेऊन स्टँडवर गेले होते, दादाकडे जायला. गाडी लागायच्या आधीच हे आले. लोकांसमोर किती गोड बोलले! बाळीला यांनीच उचलून घेतलं, मग मी मागे जाणारच. घरी आल्यावर माझा फोन गेला. दादाला यांनी सांगितलंय, तिलाच तुझ्याशी बोलायचं नाही.

दर रविवारी बाहेरच्या खोलीत खेळ. हे आणि दोन दोस्त — एक शिंपी, एक दवाखान्यातला कंपाउंडर. यांना मास्तर म्हणतात, कारण गोष्ट हे सांगतात. बाकीच्यांनी आपलं माणूस चालवायचं. प्रत्येक माणसाला कसबं असतात, शंभरापैकी. चढणं चाळीस, कुलूप उघडणं पंचवीस, असं. फासे टाकायचे. आकडा त्याहून कमी आला तर जमलं, जास्त आला तर आपटले.

खेळाच्या विकतच्या पुस्तकातले नियम यांना पटेनात. म्हणून स्वतःची पुरवणी लिहायला घेतली. तिचं नाव बुरूज. बुरुजात एक बाई कोंडलेली आहे, ती कशी सुटेल ते दोस्तांनी शोधायचं. ते शोधतात. हे दुसऱ्या दिवशी घरात ते बुजवतात. आधी दुधवाला बंद झाला — खेळात बाईने गवळ्याजवळ निरोप दिला होता. मग गच्चीचं दार. आता खिडकी.

मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. नाही फिरलं.

ता. ८, शुक्रवार

या पानाच्या पुढच्या बाजूला काय आहे ते आज लावून लावून वाचलं. बंदिनी. वाचन दहा. गोड बोलणं पंधरा. भीती ऐंशी.

डाव्या हाताला भाजल्याचा डाग. माझा डाग! तोसुद्धा घेतला.

खाली नियम. लेकरू कडेवर असेल तर सगळी कसबं निम्मी.

निम्मी? अरे, तू एकदा तरी लेकरू कडेवर घेऊन पाणी भरलंस का? जिना चढलास? दूध उतू जात असताना, दारावर माणूस उभा असताना, एका हाताने सगळं केलंस? कडेवर लेकरू असलं की निम्मं होत नाही. दुप्पट होतं. मी स्टँडपर्यंत एका दमात गेले होते, चप्पल तुटली तरी. बाळी नसती तर कोपऱ्यावरच बसून रडले असते.

ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा माणूस माझी भीती मोजतो. कशाने मोजली, टेपने?

ता. १०, रविवार

आज चहा तीनदा नेला. कोणी मागितला नव्हता. ते सुटकेच्या जवळ आले की मी ट्रे घेऊन आत. शिंपी म्हणाला, वहिनी आज फारच लाड करताहेत. बाळीला मुद्दाम चिमटा घेऊन रडवलं एकदा. माफ कर गं.

मनात एकच. आज तरी बिनडोकासारखं खेळा रे. जे तुम्हाला सुचणार नाही तेवढंच माझ्यासाठी उघडं राहतं.

पण छे! किती हुशार! शिंप्याला सुचलं — लेकराला ताप आला असं म्हणायचं, वैद्याकडे न्यावंच लागेल, बाई बाहेर पडेल. यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "भारी सुचलं तुला." आणि लिहून घेतलं.

मीही तेच ठरवलं होतं. या आठवड्यात.

ता. १४, गुरुवार

बाळीला खरंच ताप आला. देवाने पण आत्ताच थट्टा करायची होती. हे एकटेच घेऊन गेले तिला. मी दाराला आतून कान लावून बसले. अंगावरचं दूध वाहून ब्लाउज ओला. परत आणली तेव्हा रडून रडून आवाज बसलेला. औषधाची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही.

बाटली फेकून मारणार होते. औषध होतं म्हणून नाही मारली.

ता. १५

ताप उतरला. माझा राग नाही.

ता. १७, रविवार

कंपाउंडर पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. ग्लास भरून देताना बघितलं, तो जाळीकडे बघत होता. स्क्रू नवे आहेत, चकचकतात. मग मागच्या दाराकडे बघितलं, तिथेही कुलूप. ओठाला लावलेला ग्लास तसाच.

म्हणाला, "वहिनी, तुम्ही कधी खेळायला बसत नाही?"

मी म्हटलं, "मला कसबं नाहीत."

"असं कोण म्हणतं?"

मी नुसतं बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, काय रे, विहीर खणतोस का पाण्यासाठी? तो गेला.

गेला आणि फासे टाकायला बसला! मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. काय बोलणार? मास्तरांच्या घरी फुकट चहा मिळतो दर रविवारी. दवाखान्यात जखमा बांधतो म्हणे. मेला.

ता. १८, सोमवार

आणखी एक पान लावलं. विकतच्या पुस्तकात नियम असा आहे, की एखादं कसब वापरून माणूस हरला तर त्या कसबापुढे खूण करायची. हरण्यातून शिकतो, म्हणून पुढच्या वेळी आकडा वाढतो. चांगला नियम आहे. खरा आहे. मी एकदा हरले, माझ्यापुढे एक खूण पाहिजे.

यांनी तो खोडलाय. बाजूला यांच्या सुबक अक्षरात — बंदिनीची कसबं वाढत नाहीत.

हे, यांनी, यांना. कितीदा लिहिलं मी. आजपासून तो.

ता. २१, गुरुवार

तो आज खुशीत. पुस्तक संपत आलं म्हणतो. मला म्हणाला, "तुला काय कळणार म्हणा." मी भाकरी थापत राहिले. हातातली तव्यावर टाकताना चटका बसला, डाव्याच हाताला. लिही तेपण.

ता. २४, रविवार

आज लिहायलाच पाहिजे.

आज कंपाउंडरला काहीच सुचत नव्हतं. दर खेपेला म्हणे, मी पास. शिंपी वैतागला, तुझी बायको भांडली का. मग शिंपीच म्हणाला, लेकरामुळे सगळं निम्मं होतंय ना, मग लेकरू ठेवून बाईने एकटीनेच जावं. चढणं पुरं होईल.

तो हसला, आमचा मास्तर. म्हणाला, "आणि लेकरूच दुसऱ्या बुरुजात असलं तर?"

शिंपी म्हणाला, "मग ती कुठे पळतेय? मग तर दार उघडं ठेवलं तरी चालेल."

"बरोबर," तो म्हणाला. "संपलं पुस्तक."

शिंप्याने टाळ्या वाजवल्या. मी दारात ट्रे घेऊन उभी. माझ्याकडे बघून, अगदी सहज, भाजी आण म्हटल्यासारखं म्हणाला, "उद्या बाळीला माझ्या आईकडे ठेवून येतोय. तिचे कपडे भरून ठेव."

दहा महिन्यांची आहे. अजून अंगावर पिते.

मी ट्रे खाली ठेवला. एकही कप फुटला नाही. भीती ऐंशी म्हणे!

तेव्हा कंपाउंडर बोलला. मास्तर, दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर मी टाइप करून देतो, छान पुस्तक होईल. आजच नेतो. खाडाखोड केलेली पानंपण द्या, एखादा नियम सुटला तर ताडून बघता येईल. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही.

म्हणून मला काही कळत नाही. कंपाउंडरने मुद्दाम मागितली की नुसता कामसू आहे? पानं उलटून मागची बाजू वाचेल का? वाचून त्यालाच नेऊन देईल का, बघा मास्तर वहिनी काय लिहितात म्हणून?

आमच्या मास्तराने तर बाहेरच्या खोलीतूनच मला हुकूम सोडलाय, फळीवरची रद्दी पानं गोळा कर, लवकर. स्वतःच मागवली! पुढच्या बाजूला त्याचं अक्षर आहे, तो तेवढंच बघेल. स्वतःचं अक्षर बघताना त्याला दुसरं काही दिसत नाही.

बाहेर चपला घालताहेत.

तीच दुपार

जो कोणी वाचत असेल — कंपाउंडर भाऊजी, नाहीतर दुसरं कोणी — हा खेळ नाही. बुरूज म्हणजे आमचं घर. माझ्या दादाला फोन करा. नंबर मला पाठ आहे. याच पानांतल्या बुरुजाच्या नकाशाच्या पाठीवर लिहिलाय, बरोबर दाराच्या मागे. एवढंच सांगा, उद्या सकाळच्या आत ये, आणि बाळी कडेवर आहे.