चार बोलके संगणक आणि माझा पाव हिस्सा

मी, आनंदी रघुनाथ गवस, वय एकोणसत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार कारापूर, तालुका डिचोली, गोवा, हे मृत्युपत्र स्वतः टंकून करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दृष्टी शाबूत नाही. ती काचबिंदूने पन्नाशीच्या सुमारास गेली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे काही लोकांना अजून पटत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहिले. हे करायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट ज्या कामासाठी हे करते त्याच्या आड दोघे आले होते. त्यांची नावे पुढे येतील. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती रघुनाथ हे दोडामार्गाकडचे. खनिजाच्या ट्रकवर चालक म्हणून कारापूरला आले आणि पुढे स्वतःचा एक ट्रक घेतला. २०१९ च्या श्रावणात ते वारले. आम्हाला दोन मुले. मुलगा दीपक वास्कोला बंदरावर नोकरीला आहे. मुलगी स्वाती पेडण्यात कोरगावला दिली आहे. दोघेही माझ्याशी नीट वागतात. या मृत्युपत्रात काही कडू लिहिले गेले तर ते या कारणाने वजा करून वाचावे.

२. गोव्याच्या कायद्याप्रमाणे कारापूरच्या घराचा अर्धा भाग माझा आणि अर्धा पतीमागे मुलांचा. माझ्या अर्ध्यातलाही अर्धा मी मुलांनाच ठेवला पाहिजे. तेव्हा मनाप्रमाणे देता येतो तो घराचा पाव हिस्सा. मी वाईट वाटून घेतलेले नाही. पावात पुष्कळ मावते. हा पाव हिस्सा म्हणजे रस्त्याकडची पुढची खोली आणि तिला लागून असलेला सोपो, म्हणजे ओसरी, असे धरावे. दीपक आणि स्वाती यांनी तशी लेखी संमती दिली आहे.

३. ही खोली आणि सोपो यांच्या वापराचा हक्क मी नंदा शेटकर, राहणार आमोणे, हिला देते. जोपर्यंत तिथे अंध माणसांना संगणक शिकवला जातो तोपर्यंत हा हक्क राहील. शिकवणे बंद पडले आणि वर्षभर बंदच राहिले, तर खोली मुलांकडे जाईल.

नंदा कोण, हे नोटरींच्या कचेरीला माहीत नसेल. ती जन्मांध आहे. म्हापशातल्या एका संस्थेने मला संगणक शिकवला आणि चार जुने संगणक दिले, तेव्हा सोप्यावर आलेली ती पहिली विद्यार्थिनी. संगणक पडद्यावरची अक्षरे बोलून दाखवतो आणि आपण ऐकून टंकायचे, इतकेच त्यात आहे. पण इतक्यावर मी पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले आणि निवृत्तिवेतनाचा व्यवहार स्वतः करू लागले. नंदाने त्याच्यावर दहावी केली. तिच्यामागून नार्वे गावचा शंकर आला. खडीच्या खाणीत सुरुंग उडून त्याचे डोळे गेले होते. मग आणखी आले.

माझे दीर बाबाजी गवस यांनी या वर्गाचे नाव ‘आंधळी कोशिंबीर’ ठेवले. बाबाजींचे आणि माझे राजभाषेच्या दिवसांपासून वाकडे आहे. मी मराठीच्या मोर्चात होते, ते कोकणीच्या, आणि त्यावरून दोन वर्षे ते आमच्याकडे गणपतीच्या चवथीला जेवले नाहीत. ते मी सोडून दिले. कोशिंबीर सोडून दिलेली नाही.

४. आता ज्या गोष्टीमुळे हे मृत्युपत्र करावे लागत आहे, ती. या संगणकांत विंडोज सात होते. शंकर त्याला जनेल म्हणतो, कारण आमच्याकडे खिडकीला जनेलच म्हणतात. २०१९ संपता संपता दीपक घरी आला होता. तो सोप्यावर बसून म्हणाला, “आई, जानेवारीनंतर कंपनी ह्या विंडोजकडे बघणार नाही. नवीन दुरुस्त्या येणार नाहीत. इंटरनेटवरून कोणी आत शिरला तर अडवणारे कोणी नाही.”

“मग काय करतात लोक?”

“नवे घेतात. तुझी यंत्रे इतकी जुनी की त्यांच्यावर नवे चालणार नाही. मला वाटते, आता पुरे कर. तुझ्या बँकेचे मी बघतो, मुखत्यारपत्र करून दे. नंदाला सांग दुसरीकडे बघायला.”

तो प्रेमाने बोलत होता, म्हणून जास्त लागले. स्वातीचे म्हणणे वेगळे होते: इंटरनेट काढून टाक आणि आहे तसे चालव. पण नंदा तेव्हा सरकारी कारकुनाच्या जागेसाठी तयारी करत होती आणि टंकलेखनाची परीक्षा नव्या विंडोजवर होणार होती. जुन्यावर शिकून ती तिथे काय करणार होती? मी चार दिवस विचार केला. आमच्या अंगणात ट्रक उभा होता.

५. ट्रकबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. रघुनाथ वाट बघत राहिले. शेजारच्यांनी ट्रक विकले, कोणी परराज्यात लावले. हे दर आयतवारी चढायचे, इंजिन चालू करायचे, थोडा वेळ तापवायचे आणि बंद करायचे. मी सोप्यावरून ऐकत असे. मी त्यांना एकदा विचारले, “आणखी किती दिवस?” ते म्हणाले, “कोर्टात तारीख आसा.” तारखा पडत राहिल्या आणि माणूस गेला. वाट बघून त्यांचे मन झिजले, असे मला वाटते. डॉक्टर हृदय म्हणाले.

मी ठरवले की ट्रक विकायचा आणि त्या पैशात विंडोज दहाचे चार संगणक घ्यायचे, वापरलेले का असेनात. डिचोलीचा एक भंगारवाला सांगाड्याच्या भावाने घ्यायला तयार झाला.

तो माणसे घेऊन आला त्या दिवशी बाबाजी ट्रकच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज बॉनेटजवळून येत होता.

“खणी परत सुरू जातल्यो, वयनी. मागीर ट्रक खंय सोदतली तूं?”

“भाऊजी, सुरू झाल्या तर तुम्ही नवा घ्या. मी आड येणार नाही.”

“ही दादाची निशाणी.”

“दादांची निशाणी आत भिंतीवर आहे, हार घालून. हा लोखंडाचा आहे, गंजतो आहे.”

“आंधळ्यांच्या खेळाखातीर घर विकतली फुडें.”

“माझा पाव हिस्सा आहे. तेवढा विकीन.”

ते हलले नाहीत. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येतो म्हणून गेला. शिवाय ट्रक पतींच्या नावावर, त्यामुळे दोन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. स्वातीने कोरगावहून येऊन लगेच सही केली. दीपक करेना.

तो म्हणाला, “बाबा दर आयतवारी हा ट्रक चालू करत होते, आई.”

“करत होते. ट्रक कुठे जात नव्हता.”

“आणि तू घेशील ते संगणक? चार-पाच वर्षांनी त्यांनाही कंपनी बाद करील. तेव्हा काय विकशील?”

मी म्हणाले, “तेव्हा पुन्हा ठरवावे लागेल. मी नसले तर लिहून ठेवीन. पण बाद होणार म्हणून आज शिकायचे नाही, हे मला जमायचे नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोदेर पाव देऊन गेल्यावर, दीपकने कागद मागितला. सही करण्याआधी त्याने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत मला मोठ्याने वाचून दाखवला. हे मी विसरलेले नाही. त्याच्या वडिलांची पान्यांची पेटी आणि मनगटी घड्याळ मी त्याला देते. ट्रक हलवला तेव्हा तोच चाकाशी उभा होता. बाबाजींनी पुढचे दोन टायर मागितले. दिले.

६. नवे संगणक आले आणि पहिले आठवडे वाईट गेले. यंत्राचा आवाज बदलला, बोलण्याचा वेग बदलला, ओळखीच्या जागा हलल्या. हात जुन्या सवयीने जायचे आणि यंत्र भलतेच वाचायचे. शंकर एकदा उठून म्हणाला, “बाई, ह्या जनेलाक गज खंय आसात तेंच कळना. म्हाका परत शिकपाक जमचें ना.” आणि नार्वेची बस पकडून गेला. मी बोलवायला कोणाला पाठवले नाही. पुढच्या आठवड्यात तो आपण होऊन आला आणि आपल्या जागी बसून टंकू लागला. मला स्वतःला बँकेचे पान उघडायला त्याच्याहून जास्त दिवस लागले होते.

नंदाची परीक्षा टाळेबंदीमुळे पुढे गेली. एक संगणक तिच्या घरी पाठवून तयारी आम्ही फोनवर केली: ती आमोण्याला टंकायची, मी इथे तिच्या यंत्राचे बोलणे ऐकायची आणि चूक झाली की थांबवायची. ती पास झाली. आज ती डिचोलीत सरकारी कचेरीत कारकून आहे आणि मुखत्यारपत्र कोणाला न देता माझा बँकेचा व्यवहार मी करते.

७. आता तीच वेळ पुन्हा आली आहे. या वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज दहाची देखभाल संपते. आमची चार यंत्रे अकरा चालवण्याइतकी नवी नाहीत. दीपकचे म्हणणे, एक वर्षाची मुदतवाढ मिळते ती घ्यावी. मुदतवाढ म्हणजे काय ते मी अंगणात पाहिले आहे. तेव्हा माझा निर्णय असा, आणि तो माझ्यामागेही बंधनकारक राहील:

तीन यंत्रांवर लिनक्स घालावे. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही, फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावर चालते. नंदाने आणि मी जूनपासून एका यंत्रावर ते वापरून पाहिले आहे. त्याचा आवाज कोरडा आहे आणि मराठी जोडाक्षरांवर तो अडखळतो. पण वाचतो. माझ्या पहिलीच्या मुलांहून वाईट वाचत नाही, आणि ती मुले सुधारली.

मात्र कचेऱ्यांतून विंडोजच असते, आणि ते येत नसेल तर नोकरी मिळत नाही. म्हणून चौथे यंत्र काढून त्याजागी विंडोज अकराचा एक नवा संगणक घ्यावा. परीक्षेला बसणाऱ्याने त्यावर आधी बसावे, बाकीच्यांनी वाट पाहावी. यासाठी आणि पुढच्या अशा खर्चासाठी डिचोलीच्या बँकेतील माझी मुदत ठेव, कायद्याने मुलांचा भाग वगळून, मी नंदाकडे सोपवते.

यापुढे जेव्हा जेव्हा कोणतीही प्रणाली बाद होईल तेव्हा काय करायचे ते नंदाने ठरवावे. दीपकचा सल्ला घ्यावा, कारण त्याला यातले कळते. निर्णय मात्र जो ते यंत्र कानाने वापरतो त्याचा असावा.

८. माझी जाऊ रुक्मिणी, म्हणजे बाबाजींची पत्नी, हिला मी माझी तांब्याची हंडी आणि दोन नऊवारी देते. गेल्या वर्षी मधुमेहाने तिची नजर गेली. तेव्हापासून बाबाजी तिचा हात धरून तिला सोप्यापर्यंत आणतात आणि वर्ग संपेपर्यंत पायरीवर बसतात. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “वयनी, हिका शिकय मगो.” मी तिला यंत्रासमोर बसवले. बाबाजींना माफ केले, असे मी इथे लिहीत नाही. चहा मात्र त्यांना आत बोलावून देते आणि माझ्यामागेही तो मिळावा. माझ्या तेराव्याला त्यांनी भाषण करू नये.

९. दागिने जे काही आहेत ते स्वातीला. मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. ती कमी बोलते आणि वेळेवर येते.

१०. माझ्या पश्चात माझ्या नावाने काही सुरू करू नये, खोलीवर पाटी लावू नये. पाटी तिथे येणाऱ्या कोणालाही वाचता येणार नाही. १४ ऑक्टोबर मंगळवारी येतो. मंगळवारी वर्ग असतो. मी त्या दिवशी असले किंवा नसले तरी वर्ग नेहमीच्या वेळी भरवावा.

हा मजकूर माझा आहे. तो विशेष नोटरींनी मला वाचून दाखवावा. मी ऐकून, जिथे चुकले तिथे थांबवून, मग सही करीन. सही येते, अंगठा नको.

साक्षीदार म्हणून शंकरने येतो म्हटले होते. साक्षीदाराने सही होताना पाहिली पाहिजे, असा नियम असल्याचे कचेरीतून सांगण्यात आले. नियम मोडायचा नाही. तो नार्वेहून येऊन आमच्याबरोबर कचेरीत येणार आहे आणि बाहेर बाकावर बसणार आहे. खाली नावे दोन असली तरी साक्षीदार तीन आहेत, एवढे नोंदवून ठेवते.

ठिकाण: डिचोली, गोवा
दिनांक: २१ जुलै २०२५

मृत्युपत्र करणार: आनंदी रघुनाथ गवस (सही)

साक्षीदार:
१. मधुकर विष्णू माजिक, निवृत्त मुख्याध्यापक, कारापूर (सही)
२. रेश्मा सागर फडते, परिचारिका, साखळी (सही)